पुस्तक नेमकं कुठे मिटलंत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांपूर्वी गेला. किडनीचा आजार, साडेतीन वर्षं डायलिसिस. आमच्या वाचनकट्ट्यावर स्टीफन किंगची 'पेट सेमेटरी' ही कादंबरी घेतली होती. एकजण म्हणाला, अर्धं पुस्तक कंटाळवाणं आहे. एक मैत्रीण दोन रात्री दिवा लावून झोपली. एकीला पुस्तक घरात ठेवायचीच भीती वाटली, तिने परत केलं. मी मात्र मुलाच्या मृत्यूच्या कितीतरी आधी, रेचल आपल्या बहिणीची हकिगत सांगते तिथे थांबले. घाबरून नाही, हुंदका आवरेना म्हणून. का, ते सांगायची लाज वाटते. आई म्हणते, वर्षाच्या आत असली पुस्तकं घरात कशाला आणतेस. एकाच पुस्तकाच्या इतक्या तऱ्हा कशा? माझ्यात काही बिघडलं आहे का? आणि हे पुस्तक मी पुरं करू का?"

तुमच्यात काहीही बिघडलेलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही लिहिलंय ते वाचून वाटतं की खरा प्रश्न हाच आहे. पुस्तक पुरं करायचं का, हे मात्र असं एका वाक्यात सांगता येणार नाही. तुम्ही ज्या पानावर थांबलात त्यावर ते अवलंबून आहे, आणि ते पान साधं नाही.

ज्यांच्या घरात मृत्यू झाला आहे अशा माणसांबरोबर मी बावीस वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. ही कादंबरी मी तीनदा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात असताना, हॉस्टेलच्या खोलीत, भुताची गोष्ट म्हणून. मांजर परत येतं तिथे अंगावर काटा आला, बाकीचं विसरून गेले. दुसऱ्यांदा वाचायला घेतली तेव्हा माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. त्या वेळी पतंगाच्या प्रकरणाशी थांबले आणि पुस्तक स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिलं. तिसऱ्यांदा वाचली ती एका बाबांमुळे. त्यांची मुलगी गेली होती. "मला काय होतंय ते मला सांगता येत नाही, यात लिहिलंय," असं म्हणून त्यांनी त्यांची प्रत माझ्या टेबलावर ठेवली. पुस्तक तेच, पण तिन्ही वेळा भीती वेगळ्या पानावर भेटली. त्यामुळे तुमच्या कट्ट्यावर चौघांच्या चार तऱ्हा झाल्या याचं मला नवल वाटत नाही.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. यात शेवटही येणार आहे. लुईस क्रीड हा तरुण डॉक्टर बायको रेचल, पाच वर्षांची एली आणि तान्हा गेज यांना घेऊन शिकागोहून अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लडलो गावी राहायला येतो. घरासमोरच्या रस्त्यावरून दिवसरात्र अवजड ट्रक धावतात. घरामागच्या रानात गावातल्या मुलांनी रस्त्यावर मेलेल्या आपल्या कुत्र्यामांजरांसाठी दफनभूमी केली आहे आणि पाटीवर तिचं स्पेलिंग चुकवलं आहे. तेच चुकलेलं नाव पुस्तकाला आहे. एलीचं मांजर ट्रकखाली मरतं. समोर राहणारे जड क्रँडॉल हे प्रेमळ म्हातारे गृहस्थ लुईसला त्या दफनभूमीच्याही पलीकडच्या एका जुन्या जागी घेऊन जातात. तिथे पुरलेलं परत येतं. मांजर परत येतं, पण त्याच्या अंगाला कुबट वास असतो आणि ते पूर्वीचं उरलेलं नसतं. पुढे गेजही त्याच रस्त्यावर ट्रकखाली मरतो. आपण जे वाचतो आहोत ते कुठे चाललं आहे हे वाचकाला त्या क्षणी कळलेलं असतं आणि लुईसलाही.

कादंबरी १९८३ साली प्रसिद्ध झाली, लिहून मात्र आधीच झाली होती. ओरोनो इथल्या मेन विद्यापीठात शिकवण्यासाठी किंग कुटुंबासह जवळच्याच ऑरिंग्टनमध्ये भाड्याच्या घरात राहत होता. समोर तसाच रस्ता, मागे मुलांनी केलेली तशीच दफनभूमी. त्याच्या मुलीचं मांजर त्या रस्त्यावर मेलं. देवाला हवं तर त्यानं स्वतःचं मांजर पाळावं, हा मुलीचा संताप त्याने पुस्तकात जवळजवळ तसाच घेतला. आणि एकदा त्याचा लहान मुलगा त्या रस्त्याच्या दिशेने धावत सुटला होता. तो वाचला. 'वाचला नसता तर?' या विचारातून पुस्तक झालं. लिहून झाल्यावर त्याचं त्यालाच ते फार पुढे गेल्यासारखं वाटलं, बायकोलाही पटलं नाही, आणि हस्तलिखित खणात पडून राहिलं. जुन्या प्रकाशकाशी असलेला करार पुरा करायला एक पुस्तक द्यायचं होतं म्हणून ते बाहेर आलं. आपल्या पुस्तकांपैकी आपल्याला सर्वांत भयंकर वाटणारं हेच, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. ज्या बापाने ते लिहिलं तोच ते खणात बंद करून ठेवतो. मग तुमच्या मैत्रिणीने परत केलं यात वावगं काय?

ज्यांना पुस्तक कंटाळवाणं वाटलं त्यांच्याविषयी थोडंसंच. पहिल्या अर्ध्या भागात सामान लावणं, नवी नोकरी, शेजाऱ्यांकडे बिअर, मुलीला मरण म्हणजे काय हे सांगायचं की नाही यावरून नवराबायकोचं भांडण, एवढंच चालतं. हे घर आपलं वाटल्याशिवाय ते मोडताना आपल्याला काही होणार नाही, म्हणून किंग ते सावकाश उभं करतो. ज्याला ते घर आपलं वाटलं नाही त्याला पुढचं भयही लागत नाही, आणि यात वाचकाचा दोष नाही.

दिवा लावून झोपणाऱ्या मैत्रिणीची भीती वेगळी आहे. ती बहुधा शेवटच्या पन्नास पानांतली असणार: परत आलेलं मूल, त्याच्या हातातलं शस्त्र. ही भीती दोनचार रात्रींत विरते. लहानपणी नारायण धारपांच्या कथा वाचून आपण अशाच रात्री काढल्या आहेत, पण धारपांकडे बऱ्याचदा एखादा समर्थ धावून यायचा. इथे कुणी येत नाही. मदतीला येऊ पाहणारा एकच आत्मा आहे, पॅस्को नावाच्या विद्यार्थ्याचा, आणि तो इशारा देण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आता पतंग. हे प्रकरण मला सविस्तर सांगायचं आहे, कारण वाचक सर्वांत जास्त चिडतात ते इथे. वसंतातला वाऱ्याचा दिवस, लुईस आणि गेज शेजारच्या मोकळ्या मैदानात पतंग उडवतात. दोर गेजच्या हातात दिल्यावर त्याचा चेहरा उजळतो. सुखाचं इतकं साधं वर्णन पुस्तकात दुसरं नाही. आणि त्याच ओघात किंग एका उपवाक्यात सांगून टाकतो की या मुलाच्या आयुष्याचे दोन महिनेही उरलेले नाहीत. रहस्य राखायचं सोडून असं आधीच का सांगावं? हा लेखकाचा दुष्टपणा आहे असं मला कितीतरी जणांनी म्हटलं आहे. मी ते प्रकरण घाईने मिटलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटतं, घरात मृत्यू झालेला माणूस जुने फोटो नेमके असेच बघतो. सहलीच्या फोटोत सगळे हसताहेत, आणि बघणाऱ्याला माहीत आहे की यानंतर दोन महिने होते. किंगने वाचकाला ती नजर आधीच देऊन ठेवली.

मृत्यू तो समोर दाखवत नाही. दुसरा भाग उघडतो तेव्हा ते घडून गेलेलं असतं आणि तुकड्यातुकड्यांनी कळत जातं: लुईस धावला, बोटं जॅकेटच्या पाठीला लागली, आणि निसटली. मग एक लांब उतारा येतो. त्यात बोटं निसटत नाहीत. गेज वाचतो, मोठा होतो, उत्तम पोहणारा होतो, ऑलिंपिकपर्यंत जातो. वाचणाऱ्याला क्षणभर खरंच वाटतं की आपलं काहीतरी चुकलं, मूल जगलं. आणि मग टोपी दिसते, रक्ताने भरलेली.

माझ्या खोलीत बसून अशी 'निसटली नाहीत' ची गोष्ट सांगितली नाही असे आईबाप मी फार थोडे पाहिलेत. दोन मिनिटं उशिरा निघालो असतो तर. त्या दिवशी शाळेत पाठवलंच नसतं तर. आणि ते तिथेच थांबत नाहीत, पुढचं आयुष्यही रचतात: आता दहावीला असता, आता त्याला दाढी फुटली असती. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. हे शोकाचं रोजचं काम आहे. गेलेला माणूस शोधत राहणं, गर्दीत त्याची पाठ दिसणं, दाराशी चाहूल लागणं हेही तसंच. १९७१ साली ड्यूई रीस या वेल्समधल्या डॉक्टरने २९३ विधवा-विधुरांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हसतील ही भीतीही त्यामागे होती. तुमचा भाऊ जिन्यावरून येताना ऐकू येत असेल तर तेही याच खात्यात धरा.

ज्या बाबांनी मला पुस्तक आणून दिलं त्यांचं थोडं सांगते. ते सांगायची त्यांची परवानगी आहे. चार महिने त्यांनी मुलीचं दप्तर उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा डब्यात शेवटच्या दिवशीची अर्धी पोळी होती, काळी पडलेली, बुरशी येऊन वाळलेली. "ती मला टाकवेना," ते म्हणाले. "वास येत होता तरी टाकवेना. मग लक्षात आलं, मांजराला वास येतो तरी तो माणूस त्याला घरात का ठेवतो." कट्ट्यावर अनेकजण विचारतात की लुईस डॉक्टर असून, मांजराचं काय झालं हे डोळ्यांनी पाहून, पुन्हा तीच चूक कशी करतो. कथा जमवायची म्हणून लेखकाने त्याला मूर्ख केलं का? ज्याने डब्यातली ती पोळी ठेवून घेतली आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. मला वाटतं या पुस्तकाची खरी भीती इथे आहे. परत येणारं मूल भयंकर आहेच, पण 'त्या वाटेने मीही गेलो असतो' हे वाचकाला स्वतःबद्दल कळतं ते जास्त भयंकर आहे.

आणि आता तुमचं पान.

रेचलची बहीण झेल्डा. मणक्याच्या मेंदुज्वराने वर्षानुवर्षं मागच्या खोलीत पडलेली, वेदनेने वेडीवाकडी झालेली. आईवडील बाहेर गेलेले, घरात आठ वर्षांची रेचल एकटी, आणि झेल्डा तिच्यासमोर घुसमटून जाते. रेचल ओरडत बाहेर धावते. शेजाऱ्यांना वाटतं पोर रडते आहे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती नवऱ्याला पहिल्यांदा सांगते, की आपण त्या वेळी कदाचित हसत होतो. सुटका झाली म्हणून.

तुम्ही लाजेचं कारण लिहिलं नाहीत. ते मला सांगायला हवं असंही नाही. पण साडेतीन वर्षं डायलिसिस म्हणजे काय हे मी जवळून पाहिलं आहे. आठवड्यातून दोन-तीनदा सेंटर, चार-चार तास खुर्चीवर, हातातल्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला केलेल्या नसांच्या जोडणीची काळजी, पाणी मोजून, डाळ-भाजी मोजून, पोटॅशियम वाढलं की रात्री धावपळ. घरातलं प्रत्येकजण त्या वेळापत्रकाला बांधलेलं असतं. आणि मग एक दिवस वेळापत्रक उरत नाही. सेंटरच्या ठरलेल्या वारी, समजा मंगळवारी, सकाळी जाग येते आणि कुठेही जायचं नसतं. त्या पहिल्या मंगळवारी खोल श्वास आला असेल, तर तो तुमच्या शरीराचा होता. भावावरच्या मायेशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्या भाषेत याला अर्धीच जागा आहे. दीर्घ आजारानंतर माणूस गेला की भेटायला आलेला प्रत्येकजण म्हणतो, "सुटला बिचारा." सगळे माना डोलावतात. "आम्हीही सुटलो" हे मात्र कुणी म्हणत नाही. ते घशात राहतं, आणि मग त्याचाच अपराध होतो. मी पाहिलेल्या घरांत, ज्यांनी सगळ्यांत जास्त केलं त्यांनाच हा अपराध सगळ्यांत जास्त टोचतो, कारण सुटका त्यांचीच झालेली असते. जे लांब होते त्यांना सुटण्यासारखं काही नव्हतंच. रेचलच्या हकिगतीशी थांबलेले वाचक मला अनेक भेटले. त्यांत जवळजवळ सगळे कुणाची तरी सेवा करून आलेले होते: सासूची, कॅन्सरच्या आजारात नवऱ्याची, मतिमंद भावाची. भुताच्या पुस्तकात त्यांना आपलं न बोललेलं वाक्य छापलेलं सापडलं.

झेल्डाविषयी एक आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. आजारी, अपंग मुलीला राक्षसिणीसारखं उभं केलं, याचा अनेक वाचकांना राग येतो. पडद्यावर तर हे आणखी भडक झालं आहे. पुस्तकात निदान एवढं आहे की ती आपल्याला आठ वर्षांच्या घाबरलेल्या मुलीच्या डोळ्यांतून दिसते, आणि त्या मुलीला एकटीला घरात ठेवून जाणारे मोठे होते. झेल्डाला काय वाटत होतं हे पुस्तक विचारत नाही. तुम्ही तुमच्या भावाच्या बाबतीत ते विचारत आला असणार. म्हणूनही ते पान तुम्हाला जड गेलं असेल. आणखी एक आक्षेप, त्या जागेचा. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची दफनभूमी म्हणजे शापित जमीन, ही कल्पना तिथल्या मिगमॉ लोकांवर अन्याय करते, आणि आज वाचताना ती खटकते. खटकली पाहिजे.

मराठी वाचक या पुस्तकाकडे आपला एक वेगळा ऐवज घेऊन येतो, हे मला आमच्या वाचनालयातल्या चर्चेत जाणवलं. एक आजी म्हणाल्या, "हा तर चिलया बाळच की." शिवलीलामृतातली श्रियाळ-चांगुणेची गोष्ट: अतिथी होऊन आलेल्या शंकरासाठी आई पोटच्या पोराचं मस्तक उखळात कांडते, आणि शेवटी देव म्हणतो, हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो. श्रावणात ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाच्या मनात, हाक मारली तर बाळ येतं, हे खोल रुजलेलं असतं. सावित्रीचंही तसंच. आजी म्हणाल्या, "इथं हाक मारली, कुणीतरी आलंही; पण ते बाळ नव्हतं. म्हणून मला भीती वाटली नाही, फसवल्यासारखं वाटलं." भीतिकथेबद्दल इतकी नेमकी प्रतिक्रिया मी क्वचितच ऐकली आहे.

त्याच चर्चेत एका गृहस्थांनी स्मशानातल्या मडक्याचा विषय काढला. कर्ता खांद्यावरचं पाण्याचं मडकं मागे टाकून फोडतो आणि मागे वळून न बघता निघतो. लहानपणी वाटायचं, मागे भूत असेल म्हणून बघायचं नाही. त्या गृहस्थांनी वडिलांना अग्नी दिला तेव्हा त्यांना कळलं की मागे भूत नव्हतं. मागे बाबा होते, आणि म्हणूनच वळायचं नव्हतं. दहाव्याला कावळ्याची वाट बघताना कुणीतरी वडीलधारं पुढे होऊन म्हणतं, पोरांची काळजी करू नको, आम्ही आहोत. तरीही नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून लावतात. म्हणजे उत्तर नाही आलं तरी त्या दिवशीचं काम त्या दिवशी पुरं होतं. या रीतींवर माझी सरसकट श्रद्धा आहे असं नाही. विधवांच्या बाबतीत त्यांतल्या काही क्रूर आहेत. पण लुईसला असं काहीच मिळत नाही. गेजच्या अंत्यदर्शनाच्या वेळीच सासरा आणि जावई हातघाईवर येतात, शवपेटी खाली पडते. पुढे तो फावडं शोधायला निघतो. मागे वळू नको म्हणणारं त्याच्याजवळ कुणी नसतं, आणि जे होते त्या जडनीच वाट दाखवलेली असते.

जडवर वाचक फार रागावतात. मला तो ओळखीचा वाटतो. जडच्या बायकोचा जीव लुईसने वाचवला होता, त्याची परतफेड म्हणून, एलीवरच्या प्रेमापोटी, त्याने ती वाट दाखवली. दुःखाच्या घरी असे प्रेमळ लोक येतात: एकदा अमक्यांकडे जाऊन या, ते बोलणं करून देतात, एकदा प्लँचेट करून बघा. वाईट हेतू नसतो. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने मुलाशी 'बोलण्यासाठी' दर अमावास्येला पैसे भरले होते, वर्षभर. तो नाद सुटल्यावरच त्यांचा शोक सुरू झाला.

तुमच्या आईंचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालू नका. वर्षाच्या आत घरात अमुक नको, हे म्हणताना त्या पुस्तकाबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त बोलताहेत. मुलगा गेला आहे. उरलेलं लेकरू रात्री बारा वाजता दिव्याखाली मेलेल्या पोराची गोष्ट वाचत रडतंय, हे त्यांना बघवत नाही. पुस्तक त्यांच्या नजरेसमोर ठेवू नका, एवढंच.

थोडं वैद्यकीय बोलते, कारण आठ महिने हा आकडा तुम्ही मुद्दाम लिहिला आहे असं वाटलं. शोक लांबला आणि अडकला तर त्याला आता स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणात सहा महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ मधल्या सुधारित पुस्तकात मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची. तुम्ही दोन्हींच्या मधे आहात, यावरूनच कळेल की कॅलेंडरवर सगळं ठरत नाही. मी विचारते ते हे: बहुतेक सगळे दिवस ओढ तेवढीच तीव्र आहे का? जगण्यात काही अर्थच उरला नाही असं वाटतं का? कामावर जाणं, जेवणं, माणसांत बसणं बंद पडलंय का? एका पुस्तकावर रडू येणं यात बसत नाही. उलट तुम्ही कट्ट्यावर जाता, वाचता, प्रश्न विचारता. मात्र आपणही भावामागे जावं असे विचार येत असतील तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता पुस्तक पुरं करायचं का. मूल गेलेल्या आईवडिलांना पहिली एकदोन वर्षं मी हे पुस्तक देत नाही. विशेषतः आपल्याकडे तान्ह्या मुलांना दहन न करता पुरतात अशी घरं आहेत. लुईस कब्रस्तानात रात्री जे करतो ते वाचणं त्या आईला झेपणार नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्यासाठी या पुस्तकातलं सर्वांत अवघड पान होऊन गेलं आहे. पुढे जायचं तर दिवसा वाचा, झोपण्याआधी नको, आणि एका बैठकीत संपवायच्या ईर्ष्येने तर नकोच. थडगं उकरण्याची प्रकरणं सरळ उलटून टाका, कथा तुटत नाही. शेवट कळलेला असणं हेही हातात धरायला काठी असल्यासारखं आहे, म्हणून सांगते: परत आलेलं मूल जडचा आणि स्वतःच्या आईचा जीव घेतं, लुईस इंजेक्शन देऊन त्याला संपवतो आणि तरीही रेचलला उचलून पुन्हा त्याच जागी नेतो. शेवटच्या पानावर तो एकटा पत्ते मांडून बसलेला असतो आणि मागून पावलं वाजतात. दिलासा नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची माकडाच्या पंजाची जुनी कथा आहे, १९०२ ची. तिच्यात मेलेला मुलगा परत यावा अशी इच्छा मागितली जाते, दार वाजतं, पण बाप शेवटची इच्छा मागतो आणि दारातलं जे काही आहे ते आत येण्याआधी नाहीसं होतं. किंगने दार उघडलं. ज्यांना ते उघडलेलं दार नको असेल त्यांनी पुस्तक अर्ध्यावर ठेवलं तर काही बिघडत नाही. तुमच्या मैत्रिणीलाही हे सांगा.

पण पुढचं पान उघडण्याआधी एक काम करा. त्या साडेतीन वर्षांत सेंटरच्या बाकावर तुमच्याबरोबर दुसरं कोण बसायचं? बहुतेक वेळा वहिनी असते, किंवा आई. रेचलची ती दोन-तीन पानं त्यांच्याबरोबर वाचा. इंग्रजी वाचत नसतील तर मराठीत सांगा. तुमचं काय झालं हे लगेच नका सांगू. त्यांना एवढंच विचारा, "पहिल्या मंगळवारी सकाळी तुम्हाला काय वाटलं होतं?" आणि मग त्या गप्प राहिल्या तरी उठू नका. चहा टाका, बसून राहा.